बँकेची फाइल आणि आपली किर्द



वर्षअखेरीचे ऑडिट जवळ आले की आम्हा समन्वयकांना गावोगावच्या लिपिका ताईंचे फोन सुरू होतात. गावे वेगळी, पण प्रश्न एकच. “ताई, बँकेने वर्षाचे स्टेटमेंट फाइलमध्ये दिले. पण आपल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल जातच नाही. गेली तरी भलतेच आकडे दाखवते. आता सगळ्या नोंदी हाताने टाइप करू का?”

आज त्याच प्रश्नावर बोलू या. ज्या मैत्रिणींनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, त्यांनीही ऐका. कारण त्या फाइलमध्ये तुमचा हप्ता आहे, तुमच्या गटाची पत आहे. १९९२ साली नाबार्डने ५०० गट धरून बँकेशी जोडणीचे काम सुरू केले, तेव्हापासून बँक गटाचे दप्तर बघते. बैठक नियमित, बचत नियमित, अंतर्गत कर्ज नियमित, परतफेड नियमित आणि हिशोब लेखन नियमित, ही पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. पहिली चार सूत्रे तुम्ही कितीही पाळा, पाचवे बिघडले तर ती चारही कागदावर दिसत नाहीत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे आणि गटाचे नाव घेत नाही.

एका गटाने ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधीतून कर्ज घेतले होते. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता. गावातच बँक सखी बसते, तिच्याकडून रक्कम ग्रामसंघाच्या खात्यात जायची. वर्षभरात एकही हप्ता चुकला नाही. वर्ष संपल्यावर ग्रामसंघाचे स्टेटमेंट बँकेकडून फाइलमध्ये घेतले आणि बाहेरच्या एका कार्यालयातून ते हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून आणले. मग जी यादी निघाली तिच्यात हा गट थकीत. जूनपासून मार्चपर्यंत एकही हप्ता नाही! ग्रामसंघाच्या बैठकीत यादी वाचली गेली आणि गटाचा पुढच्या कर्जाचा अर्ज बाजूला ठेवला. पेरणी तोंडावर आलेली. गटाच्या बाया सांगत होत्या, “आम्ही भरलंय.” उत्तर मिळाले, “कॉम्प्युटर दाखवत नाही.”

झाले काय होते? बँकेने तारीख आपल्या पद्धतीने लिहिली होती, आधी दिवस, मग महिना. ०५/०६ म्हणजे ५ जून. ज्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. तिकडे आधी महिना लिहितात. त्याने ०५/०६ म्हणजे ६ मे असे वाचले. जुलैचा हप्ता ०५/०७, तो झाला ७ मे. ऑगस्टचा ८ मे. असे करत एप्रिल ते डिसेंबरचे नऊच्या नऊ हप्ते एकाच मे महिन्यात जाऊन बसले. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे तीन हप्ते १, २ आणि ३ मे झाले, तेही पुढच्या वर्षीचे. म्हणजे आर्थिक वर्षाच्या बाहेर. त्यामुळे वर्षाच्या बेरजेतूनही ते तीन हप्ते गळाले.

गटाच्या सचिव ताईंनी बँक सखीने दिलेल्या बाराही पावत्या वहीत चिकटवून ठेवल्या होत्या. त्या पातळ कागदावरची शाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून प्रत्येक पावतीखाली पेनाने तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक लिहिला होता. ती वही पुढे ठेवली, बँकेची मूळ फाइल पुन्हा उघडून पाहिली आणि अर्ध्या तासात उलगडा झाला. बँकेची फाइल बरोबर होती, गटाचे हप्ते बरोबर होते. मधल्या मध्ये एका घरातून दुसऱ्या घरात नेताना तारीख उलटली होती. कर्ज पुढच्या बैठकीत मंजूर झाले. पण पेरणी बैठकीसाठी थांबत नाही. तोवर दोघीतिघींनी कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे उचलले होते आणि उधारीचा भाव तुम्हाला माहीत आहे.

म्हणून हा विषय फक्त लिपिका ताईंचा नाही.

आता मुळापासून पाहू. फाइल जात नाही म्हणजे काय? तुमच्याकडे आजोबांच्या जमिनीचा जुना कागद असेल तर तो बहुधा मोडी लिपीत असतो. भाषा मराठीच, मजकूरही आपलाच, पण मोडी वाचणारा माणूस आणावा लागतो. तो बाळबोध अक्षरात उतरवून देतो, तेव्हा आपल्याला कळते. उतरवताना त्याने ‘सहा बिघे’चे ‘आठ बिघे’ वाचले तर भांडण आपल्या घरात. बँकेची फाइल आणि हिशोबाचे सॉफ्टवेअर यांचे तसेच आहे. व्यवहार तेच असतात, फक्त लिहिण्याची रीत वेगळी.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये साधारण सहा-सात रकाने असतात. तारीख, तपशील, चेक किंवा व्यवहार क्रमांक, काढलेली रक्कम, भरलेली रक्कम आणि शिल्लक. काही बँका यात आणखी एका तारखेचा रकाना देतात. ही फाइल तीन रूपांत मिळते. एक पीडीएफ, म्हणजे छापील कागदाचे चित्रच समजा. दुसरी एक्सेल. तिसरी सीएसव्ही. सीएसव्ही म्हणजे साध्या अक्षरांची फाइल, तिच्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक व्यवहार आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम.

समोर सॉफ्टवेअर कोणते आहे त्यावर त्याची मागणी ठरते. टॅलीला पूर्वीपासून एक्सएमएल नावाच्या रूपातली फाइल लागते. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्तीत एक्सेलमधूनही नोंदी घेता येतात, पण रकाने त्याला हवे तसे लावून द्यावे लागतात. ग्नूकॅश नावाचे एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सीएसव्ही घेते, तसेच क्यूआयएफ आणि ओएफएक्स ही रूपेही घेते. म्हणून पहिला धडा असा की बँकेत जाण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरला काय लागते ते विचारून जा. बँकेत गेल्यावर नुसते “स्टेटमेंट द्या” म्हणू नका. “एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये द्या, आणि सोबत शिक्का मारलेली छापील प्रतही द्या” असे लेखी अर्जात लिहा. अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, सह्या खाते चालवणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या. फाइल कामाला लागते, छापील प्रत पुराव्याला लागते.

फक्त पीडीएफच मिळाली तर काम वाढते. पीडीएफमधून एक्सेलमध्ये उतरवताना लांब तपशील दोन ओळींत मोडतो आणि एका व्यवहाराचे दोन व्यवहार दिसतात. प्रत्येक पानाचे शीर्षक आणि पानाखालची बेरीजही व्यवहार म्हणून आत येते. अशा ओळी आधी शोधून काढाव्या लागतात.

आता कुठे कुठे घोटाळा होतो ते एकेक करून सांगतो. लिपिका ताईंनी वही-पेन घ्या.

पहिली जागा तारीख. ती गोष्ट तुम्ही ऐकलीत. तारीख १२ पर्यंतची असेल तर ती गुपचूप उलटते, काही कळत नाही. १३ किंवा पुढची असेल तर कॉम्प्युटर अडतो, कारण तेरावा महिनाच नसतो. मग तो तिला तारीख न मानता नुसती अक्षरे मानतो. याची एक सोपी खूण आहे. एक्सेलमध्ये खरी तारीख आपोआप रकान्याच्या उजवीकडे सरकते आणि अक्षरे डावीकडे राहतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की तिथेच थांबा. उजवीकडच्या तारखा दिसायला चांगल्या असतात, पण उलटलेल्या त्याच असतात. फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. लिबरऑफिस कॅल्क हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर सीएसव्ही उघडताना आधी एक खिडकी दाखवते. तिथे तारखेच्या रकान्यावर क्लिक करून ‘दिवस-महिना-वर्ष’ असे सांगता येते. एक्सेलमध्येही ‘डेटा’ या भागातून फाइल आत घेतली की असे सांगण्याची सोय असते.

दुसरी जागा रक्कम. आपण सव्वा लाख १,२५,००० असे स्वल्पविराम देऊन लिहितो. सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम म्हणजे रकाना संपला. त्या रकमेला अवतरण चिन्हांचे कुंपण नसेल तर एका रकमेचे तीन तुकडे होतात. एका रकान्यात १, पुढच्यात २५, त्यापुढे शून्ये. आणखी एक प्रकार म्हणजे काही बँका शिल्लकेपुढे ‘सीआर’ अशी अक्षरे जोडतात. मग कॉम्प्युटर त्या आकड्याला आकडाच मानत नाही आणि बेरीज शून्य येते. रकमेच्या रकान्यात फक्त आकडे आणि दशांश चिन्ह हवे, बाकी सगळे काढून टाका.

तिसरी जागा नावे आणि जमा. ही नीट समजून घ्या, कारण शिकलेल्या मुलीही इथे गोंधळतात. बँकेच्या वहीत आपले पैसे म्हणजे बँकेचे देणे. म्हणून आपण पैसे भरले की बँक आपले खाते जमा करते. आपल्या किर्दीत मात्र बँकेतले पैसे हे आपले येणे. म्हणून तोच व्यवहार लिहिताना आपण बँक खाते नावे टाकतो. दोन्ही बरोबर आहेत, कारण वह्या दोन आहेत. पण बँकेच्या फाइलमधले ‘क्रेडिट’ आपल्या सॉफ्टवेअरमध्येही बँक खात्याला ‘क्रेडिट’ म्हणून चढवले, तर भरलेले पैसे काढलेले दिसतात. काही सॉफ्टवेअर दोन रकान्यांऐवजी एकच रकाना मागतात, त्यात आलेली रक्कम तशीच आणि गेलेल्या रकमेला वजा चिन्ह. तिथे वजा चिन्ह राहून गेले की खर्चाची जमा होते.

चौथी जागा लांबलचक क्रमांक. यूपीआयचा व्यवहार क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेल त्याला मोठी संख्या समजून आखडून दाखवते, मध्ये ‘ई’ अक्षर आणि अधिक चिन्ह येते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरते. त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. चेक क्रमांकापुढची शून्ये गळतात, ०००१२३ चा १२३ होतो. यावर उपाय एकच, फाइल आत घेतानाच या रकान्यांना ‘टेक्स्ट’ म्हणजे अक्षरे असे सांगायचे. क्रमांकांची आपल्याला बेरीज करायची नसते, ते जसेच्या तसे राहायला हवेत. उद्या एखादा व्यवहार अडकला तर बँक पहिल्यांदा हाच क्रमांक विचारते.

पाचवी जागा मराठी अक्षरे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाँटने नावे टाइप केलेली असतील, तर नव्या ठिकाणी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलेली नावे मात्र कुठेही नेली तरी मराठीच राहतात. सीएसव्ही साठवताना ‘यूटीएफ-८’ असा पर्याय निवडा. तो निवडला नाही तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

सहावी जागा खात्यांची नावे. टॅलीसारखे सॉफ्टवेअर अक्षर न् अक्षर जुळवून पाहते. तुमच्याकडे खाते ‘हप्ता वसुली’ आहे आणि फाइलमध्ये ‘हप्ता वसूली’ लिहिले, दीर्घ ऊकार दिला, तर त्याच्या लेखी ही दोन वेगळी खाती. एक तर ते नोंद नाकारते, नाही तर दोन खाती होतात आणि वसुली दोन ठिकाणी विभागून कमी दिसते. सगळ्या खात्यांच्या नावांची एक यादी छापून भिंतीला लावा आणि तीच नावे वापरा.

सातवी जागा दोनदा चढलेले व्यवहार. एप्रिल ते सप्टेंबरची एक फाइल चढवली आणि नंतर सप्टेंबर ते मार्चची दुसरी. झाले, सप्टेंबर दोनदा आला. ओएफएक्स हे रूप १९९७ साली आले. त्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे तोच व्यवहार पुन्हा आला तर सॉफ्टवेअरला ओळखता येतो. सीएसव्ही आणि एक्सेलमध्ये अशी हमी नाही. म्हणून फाइलच्या नावातच तारखा लिहा आणि कोणती फाइल कधी चढवली याची नोंद रजिस्टरला ठेवा.

या सात जागा झाल्या. पण आठवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही.

बँकेच्या फाइलला गट माहीत असतो, बाई माहीत नसते. समजा बैठकीत दहा जणींनी हप्ते दिले, कोणी २,००० दिले, कोणी १,२०० दिले, एकीने अडचण सांगून ५०० च दिले. कोषाध्यक्ष ताईंनी सगळे एकत्र करून १४,६०० रुपये बँकेत भरले. बँकेच्या फाइलमध्ये एकच ओळ येणार, १४,६०० जमा. त्यातले तुमचे किती, ते बँकेला माहीत नाही आणि कॉम्प्युटरलाही नाही. ते फक्त बैठकीच्या दिवशी लिहिलेल्या किर्दीत आणि तुमच्या हातातल्या वैयक्तिक पासबुकात असते. फाइल चढवली म्हणजे हिशोब झाला, असे कोणी म्हणाले तर तिला विचारा, “मग माझा हप्ता दाखव.”

तसेच आणखी एक. पेटीतली रोख बँकेत भरली तर ते नवे उत्पन्न नाही. पैसे आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. टॅलीत अशा नोंदीला कॉन्ट्रा म्हणतात. सदस्यांकडून रोख आली तेव्हा ‘जमा’ म्हणून एकदा नोंद झालीच आहे. बँकेच्या फाइलमधली ओळ पुन्हा ‘जमा’ म्हणून चढवली तर गटाची वसुली दुप्पट दिसते. ऐकायला बरे वाटते, पण ऑडिटच्या वेळी पेटीत तेवढी रोख दाखवावी लागते, ती कुठून आणणार?

आता ताळा. आपल्या आज्या बोटांवर ताळा करायच्या, तोच इथे करायचा आहे. फाइल चढवल्यावर चार आकडे कागदावर मांडा. आरंभीची शिल्लक, वर्षभरात आलेली एकूण रक्कम, गेलेली एकूण रक्कम आणि शेवटची शिल्लक. उदाहरण घ्या. आरंभी १८,४५० रुपये, आले २,३६,९००, गेले २,११,२७५. तर शेवटी ४४,०७५ उरायलाच हवेत. पासबुकात ३१ मार्चला ४४,०७५ आहेत का? सॉफ्टवेअरमध्येही तेच आहेत का? तिन्ही ठिकाणी एक आकडा आला तर रकमा बरोबर.

नाही आला तर फरकाकडे बघा. फरक बरेच काही सांगतो. फरकाला दोनने भागा. समजा फरक १२,००० आला तर निम्मे ६,०००. आता ६,००० ची नोंद शोधा, ती बहुधा उलट्या बाजूला पडलेली असते. फरकाला नऊने भाग जात असेल तर टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटे पडल्याची शक्यता असते. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले तर फरक ९०० येतो, नऊने बरोबर भाग जातो. फरक एखाद्या नोंदीएवढाच असेल तर ती नोंद राहिली आहे किंवा दोनदा आली आहे.

पण लक्षात ठेवा, शिल्लक जुळली म्हणजे तारखाही जुळल्या असे नाही. उलटलेली तारीख वर्षाच्या आतच राहिली तर शिल्लक जुळते आणि महिना चुकतो. म्हणून दुसरा ताळा महिन्याचा. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवसाची शिल्लक पासबुकाशी लावून बघा. बारा आकडे, पंधरा मिनिटांचे काम. आणि ओळींची संख्याही मोजा. बँकेच्या फाइलमध्ये ३१२ व्यवहार असतील तर सॉफ्टवेअरमध्येही ३१२ च हवेत.

कामाचा क्रम असा ठेवा. बँकेकडून आलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला कधीही हात लावू नका. तिची नक्कल करून नकलेवर काम करा. आधी एकाच महिन्याचे व्यवहार चढवून बघा, ताळा जुळला तर बाकीचे अकरा महिने चढवा. चढवण्याआधी सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्या, म्हणजे बिघडले तर मागे जाता येते. जुने सॉफ्टवेअर सोडून नवे घेताना तर घाई करूच नका. एक-दोन महिने दोन्हीकडे हिशोब लिहा, दोन्हींचे आकडे जुळले की मगच जुने बंद करा.

आता सुरक्षिततेचे बोलतो. मोबाइलवर शोधले की ‘फाइल बदलून देतो, फुकट’ अशी कितीतरी ठिकाणे दिसतात. तिथे आपली फाइल टाकू नका. त्या फाइलमध्ये खाते क्रमांक असतो, कोणी किती भरले, शिल्लक किती, सगळे असते. अनोळखी माणसाच्या हातात आपण पासबुक देत नाही, फाइल म्हणजे पासबुकच. पीडीएफचा पासवर्ड व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. फाइल बदलायला ओटीपी लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवून द्या. सायबर कॅफेत काम करून घ्यावे लागले तर सोबत दोघी जा, काम संपल्यावर तिथल्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसून घ्या आणि रिसायकल बिनही रिकामा करून या.

आणि एक गोष्ट ग्रामसंघाच्या कार्यकारिणीला. हे काम डोळ्यांचे आणि डोक्याचे आहे. लिपिका ताई रात्री पोरं झोपल्यावर ते करत असेल तर चुका होणारच. वर्षातून एकदा ढीग उपसण्यापेक्षा दर महिन्याला एक दिवस या कामासाठी ठरवा आणि त्या दिवसाचे मानधन ठरावात लिहा. ताळा करायला दुसरी बाई सोबत बसवा. एकीने आकडा वाचायचा, दुसरीने बघायचा. बारावी झालेली एखादी सून किंवा लेक गावात असतेच, तिला शिकवा. हे काम बाहेरच्या कार्यालयातून करून घेत असाल तरी ताळा आपणच करायचा.

शेवटी ज्या मैत्रिणी कॉम्प्युटरपासून लांब आहेत, त्यांच्यासाठी. तुम्ही चार प्रश्न लक्षात ठेवा आणि येत्या मासिक बैठकीत विचारा. एक, ३१ मार्चची शिल्लक पासबुकात किती आणि कॉम्प्युटरमध्ये किती? दोन, आमच्या गटाचे वर्षाचे हप्ते महिन्याप्रमाणे वाचून दाखवा. तीन, बँकेची मूळ फाइल आणि छापील प्रत कुठे ठेवली आहे? चार, थकीत यादी वाचण्याआधी ती पासबुकाशी ताडून पाहिली का?

हे प्रश्न विचारणे म्हणजे लिपिका ताईंवर अविश्वास नव्हे. उलट त्यांनाही बरे वाटते, कारण चूक झाली तर ती सगळ्यांसमोर लवकर सापडते आणि बोल एकटीवर येत नाही. ज्या गटाला थकीत म्हणायचे आहे, त्याला आधी त्याची पावत्यांची वही घेऊन बोलवा. त्या वहीशी ताळा झाल्याशिवाय कोणाचेही नाव थकीत यादीत वाचायचे नाही, असा ठरावच करून टाका. दोन ओळींचा ठराव आहे, पण एखाद्या गटाची पेरणी त्याने वेळेवर होईल.

तुमच्या ग्रामसंघात फाइल अडली असेल तर कुठे अडली ते लिहून कळवा. तारीख, रक्कम की नावे-जमा, एवढे लिहिले तरी पुरे. फाइल मात्र पाठवू नका, आम्ही गावात आलो की सोबत बसून पाहू. पावत्या जपून ठेवा मैत्रिणींनो, आणि त्यांच्याखाली पेनाने लिहायला विसरू नका.